हिरवी सायकल

शुक्रवारची सकाळ होती. अल-खोबरला शुक्रवार आणि शनिवार असे दोन दिवस शाळेला सुट्टी असते. मी धावतच जिना उतरून खाली गेलो. जिन्याखालच्या कोपऱ्यात माझी सायकल ठेवलेली असे. हिरव्या रंगाची, पुढे छोटी टोपली असलेली, नवी कोरी सायकल! वाढदिवसाला बाबांनी ती घेऊन दिली होती.

त्या दिवशी तो कोपरा रिकामा होता.

मी इमारतीभोवती फिरून आलो. गाड्या ठेवण्याच्या जागेत पाहिले. शेजारच्या बकाल्यात, म्हणजे वाण्याच्या दुकानात, विचारले. सायकल कुठेच नव्हती. माझे डोळे भरून आले. मग एकदम मला आदल्या संध्याकाळची गोष्ट आठवली. आई-बाबा बाजारात गेले होते. ताई शिकवणीला होती आणि आजोबांचा डोळा लागला होता. तेवढ्यात दाराची घंटी वाजली. दाराच्या छिद्रातून मी पाहिले, तर जिना झाडणारे काका बाहेर उभे होते. घरात मोठे माणूस जागे नसेल तर दार उघडायचे नाही, असे आईने सांगितले होते. मी उघडले नाही. काकांनी दोनदा घंटी वाजवली आणि ते निघून गेले. आई परत आल्यावर तिला हे सांगायचे मात्र मी विसरलो.

‘घरात कोणी आहे की नाही, हे पाहायला आले असणार ते! त्यांनीच नेली माझी सायकल!’ माझी खात्री झाली.

मी तडक हारिसकडे गेलो. इथे इमारतीच्या रखवालदाराला हारिस म्हणतात. आमचे हारिस केरळचे आहेत. ते हिंदी छान बोलतात. मी त्यांना सगळे सांगितले. त्यांनी आपली वही काढली, चष्मा लावला आणि त्यात काहीतरी लिहून घेतले.

“आज त्याच्या कंपनीचं कार्यालय बंद आहे,” ते म्हणाले. “रविवारी उघडलं की कळवतो. ते काय ते पाहतील.”

मला जरा बरे वाटले. चोर सापडला होता!

घरी येऊन मी सगळ्यांना ही हकिकत सांगितली. आई सायकलीसाठी हळहळली. आजोबा मात्र काही बोलले नाहीत. ते दोन महिन्यांसाठी मुंबईहून आमच्याकडे राहायला आले होते. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि मला विचारले, “तू त्यांना सायकल नेताना पाहिलंस का?”

“नाही. पण त्यांनीच नेली असणार.”

“कशावरून?”

मी क्षणभर विचार केला. “आजोबा, ते गरीब आहेत ना!”

आजोबा माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “संध्याकाळी समुद्रावर जाऊ. तिथे बोलू आपण.”

संध्याकाळी आम्ही सगळे कॉर्निशवर गेलो. कॉर्निश म्हणजे समुद्रकाठचा लांबलचक रस्ता. शुक्रवारी तिथे फार गर्दी असते. हिरवळीवर सतरंज्या पसरून लोक बसतात. कोणी खजूर खात कहवा पितात, मुले पतंग उडवतात. निरनिराळ्या देशांच्या भाषा कानांवर पडतात. समुद्रापलीकडे बहरीन देश आहे. तिथे जाण्यासाठी समुद्रावरून सुमारे २५ किलोमीटर लांबीचा रस्ता बांधला आहे. तो १९८६ साली सुरू झाला.

“अण्णा, तुम्हांला हे शहर आवडलं का?” बाबांनी विचारले.

“आवडलं रे. पण मला याच्यात आपली मुंबईच दिसते,” आजोबा म्हणाले. “तूच सांगत होतास ना, की पूर्वी इथे कोळ्यांची आणि मोती काढणाऱ्या पाणबुड्यांची लहानशी वस्ती होती. १९३८ साली जवळच धहरानला तेल लागलं आणि कामासाठी देशोदेशींची माणसं इथे आली. मुंबईतही असंच झालं. कापडगिरण्या निघाल्या आणि कोकणातून, घाटावरून माणसं आली. गावात सगळे एकमेकांना ओळखतात. शहरात शेजारचा कोण, तेही ठाऊक नसतं.”

मला सायकलीची आठवण झाली. “आजोबा, माणसं चोरी का करतात?” मी विचारले.

“तुला काय वाटतं?”

“ती वाईट असतात म्हणून.”

“मला नाही तसं वाटत,” ताई म्हणाली. ती आठवीत आहे. “ती गरीब असतात म्हणून करतात.”

आजोबा हसले. “असं म्हटलं तर आमची सगळी चाळ चोरांची ठरेल! लालबागला दहा फूट बाय दहा फुटांची आमची खोली. तीत आम्ही सात माणसं. पाण्याला रांग, संडासाला रांग. पण दाराला कुलूप असं कधी लागलंच नाही. एखाद्या खोलीत भाकरी कमी पडली, तर शेजारून यायची. आणि हे बघ, १९९२ साली मुंबईत शेअरबाजाराचा केवढा मोठा घोटाळा उघडकीस आला! बँकांचे कितीतरी कोटी रुपये त्यात गुंतले होते. तो करणारे काही उपाशी नव्हते. त्यांना लोभ सुटला होता आणि त्यांच्यावर नीट लक्ष ठेवणारं कोणी नव्हतं. म्हणून म्हणतो, गरीब माणूस म्हणजे चोर, हे मनातून काढून टाका.”

“मग चाळीत चोऱ्या होतच नव्हत्या?” मी विचारले.

आजोबा समुद्राकडे पाहू लागले. थोड्या वेळाने ते सांगू लागले.

“आमच्या शेजारच्या खोलीत एक मुलगा होता. सोळा वर्षांचा. त्याचे वडील आणि मी एकाच गिरणीत कामाला. सकाळी भोंगा झाला की आम्ही दोघे जोडीनं निघायचो. तो पोरगा मोठा हुशार. गणपतीत आरास करावी तर त्यानंच.

“१९८२ सालच्या जानेवारीत, १८ तारखेला, मुंबईतल्या गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. आमच्या मागण्या पगारवाढीच्या होत्या. डॉक्टर दत्ता सामंत आमचे पुढारी होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. आम्हांला वाटलं, एक-दोन महिन्यांत मिटेल. पण दिवाळी आली तरी संप सुरूच. वर्ष उलटलं. संप मिटला असं कोणी कधी जाहीर केलंच नाही. किती गिरण्या पुन्हा उघडल्या नाहीत, हजारो माणसं कामावर परतली नाहीत. ज्या भोंग्यावर सारं लालबाग-परळ उठायचं, तो भोंगाच बंद पडला.

“त्या मुलाचे वडील गावी निघून गेले. आईनं घरातली पितळेची भांडी विकली. मुलाची शाळा सुटली. काम शोधायला तो रोज बाहेर पडायचा. पण लाखो माणसं काम शोधत असताना सोळा वर्षांच्या पोराला कोण काम देणार? तो नाक्यावर उभा राहू लागला. नाक्यावर एका टोळीची माणसं असत. त्यांनी त्याला चहा पाजला. एक पुडकं इथून तिथे नेऊन द्यायला सांगितलं. त्याचे पैसे दिले. त्याच्या पाठीवर हात ठेवला, त्याला ‘भाऊ’ म्हटलं. जे घरानं, शाळेनं, गिरणीनं द्यायचं, ते सगळं त्याला त्या नाक्यावर मिळू लागलं. पैसाही आणि मानही.

“एका रात्री तो आमच्या दारात आला. ‘काका, थोडं बोलायचं होतं,’ म्हणाला. त्याच्या मनगटावर नवं सोनेरी घड्याळ होतं. ते पाहून मी घाबरलो. हा बिघडला, आता आपल्यालाही त्रास होणार, असं मनात आलं. ‘उद्या ये,’ असं म्हणून मी दाराला कडी घातली.”

“मग उद्या आला का तो?” मी विचारले.

“नाही आला. पुढे त्याला पोलिसांनी पकडलं. तुरुंगातून सुटून आला, तेव्हा त्याच्या ओळखी आणखी मोठ्या चोरांशी झाल्या होत्या. त्याची आई चाळ सोडून गेली. त्याला माझ्याशी काय बोलायचं होतं, ते मला अजून कळलेलं नाही.”

आम्ही सगळे गप्प झालो. शेजारच्या सतरंजीवरची मुले हसत होती.

“तेव्हा मी किती वर्षांचा होतो, अण्णा?” बाबांनी विचारले.

“याच्याएवढाच,” माझ्याकडे बोट दाखवून आजोबा म्हणाले. “तूही नाक्यावर उभा राहू शकला असतास. पण तुझ्या आईनं खानावळ चालवली होती.”

आजीच्या खानावळीची गोष्ट मला ठाऊक होती, पण आजोबांनी ती पुन्हा सांगितली. गिरणगावात कितीतरी बायका एकट्या कामगारांसाठी घरीच जेवण करून देत. त्यांना खानावळवाल्या म्हणत. सावकार त्यांना भरमसाट व्याजाने पैसे द्यायचा. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. पूर्वी बँकेच्या दारात कधी न गेलेल्या बायका आता सही करून कर्ज घेऊ लागल्या आणि फेडूही लागल्या. आजीनेही तसे कर्ज घेतले. संप झाल्यावर गिऱ्हाईक कमी झाले, तेव्हा ती कचेऱ्यांमध्ये डबे देऊ लागली. शाळेत जाण्यापूर्वी बाबा ते डबे पोहोचवत.

“एकदा मी चार दिवस शाळेत गेलो नव्हतो,” बाबा म्हणाले, “तर आमचे गुरुजी थेट घरी आले. फी भरली नाही म्हणून मी लाजून घरी बसलो होतो. गुरुजी आईला म्हणाले, फीचं आपण पाहू, याला उद्यापासून पाठवा.”

“तेच सांगतोय मी,” आजोबा म्हणाले. “तू चांगला आणि तो वाईट, असं नव्हतं. तुझ्या घरी चूल पेटत होती. तू दिसला नाहीस, तर विचारायला येणारं कोणी होतं. त्याला विचारायला मी जायला हवं होतं.”

ताई विचारात पडली होती. “पण आजोबा, कडक शिक्षा केली की लोक घाबरतात. मग गुन्हे आपोआप कमी होणार.”

“शिक्षा हवी. पोलीसही हवेत. पोलीस नसते तर आमच्या नाक्यावर त्या टोळीचंच राज्य झालं असतं,” आजोबा म्हणाले. “पण नुसत्या भीतीनं भागत नाही. इंग्लंडमध्ये पूर्वी खिसा कापणाऱ्याला फाशी देता येत असे. १८०८ साली हा कायदा बदलला. फाशी भर चौकात द्यायचे, लोकांना दहशत बसावी म्हणून. आणि फाशी पाहायला जमलेल्या त्या गर्दीतच खिसेकापू लोकांचे खिसे कापायचे, असं सांगतात!”

ताई हसू लागली. मलाही हसू आले.

“आपल्याकडे इंग्रजांनी याहून वेगळा कायदा केला होता,” आजोबा पुढे म्हणाले. “तो ऐकून मात्र हसू येणार नाही. १८७१ साली त्यांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. अमुक जमातीत जन्माला आला, म्हणजे तो गुन्हेगार, असं सरकारनं ठरवून टाकलं.”

“बाळसुद्धा?” मी विचारले.

“पाळण्यातलं बाळसुद्धा त्या जमातीचं म्हणूनच ओळखलं जायचं. आता ही माणसं कोण होती? कोणी बैलांच्या पाठीवरून मीठ नि धान्य वाहून नेणारे होते. आगगाडी आली आणि त्यांचा धंदा बुडाला. कोणी रानात शिकार करून जगणारे होते. सरकारनं रानं बंद केली. पोटाचा मार्ग गेला, मग त्यांतल्या काहींनी चोऱ्या केल्या. पण शिक्का बसला तो सगळ्या जमातीवर. आपल्या मुंबई इलाख्यातही हा कायदा लागू झाला. सोलापूरला तर काटेरी तारांचं कुंपण घालून त्यात या लोकांची वसाहत केली होती. तिला ‘सेटलमेंट’ म्हणत. बाहेर जायचं तर परवानगी, परत आल्यावर हजेरी. आजही सोलापुरात त्या भागाला सेटलमेंट म्हणतात.”

“हजेरी? शाळेत असते तशी?” मी विचारले.

“शाळेतली हजेरी चांगली. ही हजेरी अपमानाची. गावोगावीही ती असे. रोज चावडीवर जाऊन ‘मी इथेच आहे’ असं सांगायचं. परगावी जायचं तर परवाना घ्यायचा. गावात कोणाची कोंबडी जरी चोरीला गेली, तरी आधी यांनाच धरून आणायचे. अशा माणसाला कामावर कोण ठेवणार? आणि काम नाही मिळालं, तर तो काय करणार?”

“चोरी,” ताई हळूच म्हणाली.

“आमचं गाव कोल्हापूरकडचं,” आजोबांचा आवाज जरा खुलला. “कोल्हापूरचे राजे राजर्षी शाहू महाराज. त्यांनी हा प्रश्न दुसऱ्या टोकाकडून सोडवायला घेतला. १९१८ साली त्यांनी आपल्या संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड या लोकांची हजेरी बंद करून टाकली. फासेपारध्यांना लोक चोर म्हणत. महाराजांनी त्यांना सोनतळीच्या आपल्या छावणीजवळ वसवलं आणि चक्क रखवालीची कामं दिली! ज्यांच्या भीतीनं लोक दारं लावून घेत, त्यांच्याच हाती पहारा. त्यापूर्वी १९१७ साली महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं होतं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड! तेव्हाचा रुपया म्हणजे थोडाथोडका नव्हे.”

“आणि तो वाईट कायदा?” ताईने विचारले.

“आपला देश स्वतंत्र झाल्यावर गेला. ३१ ऑगस्ट १९५२ या दिवशी. त्या जमातींना आता विमुक्त म्हणतात. विमुक्त म्हणजे मोकळे झालेले. पण कायदा कागदावरून पुसला, तरी लोकांच्या डोक्यातून निघायला फार वेळ लागतो.”

असे म्हणताना आजोबांनी माझ्याकडे पाहिले नाही. ताईने मात्र पाहिले. मी मान खाली घातली आणि वाळूत रेघोट्या ओढू लागलो.

बाबांनी सगळ्यांसाठी पेलाभर चहा आणला. अंधार पडला होता. रस्त्यावरचे दिवे लागले होते.

“तो ‘झुंड’ सिनेमा आपण पाहिला होता ना?” चहा पिता पिता ताई म्हणाली. “अमिताभ बच्चन यांचा. त्यात ते झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल शिकवतात.”

“तो ज्यांच्यावरून काढला, ते गुरुजी नागपूरचे. विजय बारसे त्यांचं नाव,” आजोबा म्हणाले. “हिस्लॉप महाविद्यालयात ते खेळाचे शिक्षक होते. २००१ साली एकदा पावसात त्यांना काही मुलं दिसली. झोपडपट्टीतली. फुटकी बादली पायानं उडवत खेळत होती. गुरुजींनी त्यांना फुटबॉल दिला. त्यांच्या लक्षात आलं, की जितका वेळ ही मुलं खेळतात, तितका वेळ ती भांडणं, व्यसनं, चोऱ्या यांपासून दूर राहतात. मग त्यांनी झोपडपट्टीतल्या संघांचे सामने सुरू केले. पुढे तिथली मुलं परदेशात खेळून आली. चेंडूत काही जादू नव्हती. मैदानावर रोज कोणीतरी त्यांची वाट पाहत होतं.”

मला खेळाच्या गोष्टी आवडतात. एरवी मी पुष्कळ प्रश्न विचारले असते. पण त्या वेळी मला हारिसची वही आठवत होती.

“आजोबा, हारिस रविवारी कंपनीला सांगतील. मग काय होईल?”

याचे उत्तर बाबांनी दिले. “त्या काकांची सफाईची कंपनी आहे. तिच्यामार्फतच त्यांना इथे राहण्याचा परवाना मिळतो. त्याला इकामा म्हणतात. कंपनीनं नोकरीवरून काढलं, तर त्यांना कदाचित आपल्या देशात परत जावं लागेल. इथे येण्यासाठी अशा माणसांनी पुष्कळदा कर्ज काढलेलं असतं. ते फेडायचं राहून जाईल. आणि ‘चोरी केली’ असं नावापुढे लागलं, तर दुसरं काम मिळणं कठीण.”

माझ्या पोटात गोळा आला. “पण मी फक्त म्हटलं होतं!”

“हारिसनं ते लिहून घेतलं आहे,” बाबा म्हणाले.

“त्यांचं नाव काय रे?” आजोबांनी विचारले.

“कोणाचं?”

“जिना झाडणाऱ्यांचं.”

मला नाव ठाऊक नव्हते. ताईलाही नव्हते. आईने बाबांकडे पाहिले, बाबांनी आईकडे पाहिले. तीन वर्षे ते रोज आमच्या दारासमोरचा जिना झाडत होते.

“भिवंडीला माझा मावसभाऊ होता,” आजोबा म्हणाले. “संपानंतर तो तिथे यंत्रमागावर कामाला लागला. भिवंडीत १९७० साली आणि पुन्हा १९८४ साली मोठ्या जातीय दंगली झाल्या. घरं जळाली, माणसं मेली. १९८८ साली सुरेश खोपडे नावाचे पोलीस अधिकारी तिथे आले. त्यांनी प्रत्येक मोहल्ल्यात समिती केली. तीत हिंदूही, मुसलमानही आणि एक पोलीस. नळाचं भांडण असो, कचऱ्याचं असो, एकत्र बसायचं आणि बोलायचं. भाऊ मला सांगायचा, ‘पूर्वी पोलीस दिसला की आम्ही गल्ली बदलायचो, आता त्याला नावानं हाक मारतो.’ १९९२ च्या डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. फक्त नावं ठाऊक झाल्यानं एवढं झालं, असं मी म्हणत नाही. पण सुरुवात तिथून झाली.”

मी उठून उभा राहिलो. “बाबा, आपण घरी जाऊ या. आत्ता लगेच.”

घरी पोहोचलो, तेव्हा हारिस आपल्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसले होते. बाबा माझ्याबरोबर आले, पण दोन पावले मागेच थांबले. बोलायचे मलाच होते. मला फार लाज वाटत होती.

“मी सकाळी सांगितलं ते खरं नव्हतं,” मी म्हणालो. “म्हणजे, सायकल खरंच गेली आहे. पण ती काकांनी नेली, हे मी पाहिलेलं नाही. मी आपलं मनानंच ठरवलं.”

हारिसनी चष्मा लावला. वही उघडली. सकाळच्या ओळीवर त्यांनी आडवी रेघ मारली आणि बाबांना सही करायला सांगितले. बाबांनी सही केली.

“पण एव्हाना त्याला कळलंय,” हारिस म्हणाले. “दुपारी मीच त्याला विचारलं. आज तो जेवलाही नाही.”

काकांची खोली गाड्यांच्या जागेशेजारी होती. दार उघडेच होते. आत दोन खाटा, एक शेगडी आणि भिंतीवर एका लहान मुलाचा फोटो. काका उठून उभे राहिले. मी हिंदीत म्हणालो, “मी खोटं बोललो. मला माफ करा.” पुढे काय बोलावे ते मला सुचेना. काकाही काही बोलले नाहीत. मग त्यांनी बाबांकडे पाहिले आणि तुटक्या हिंदीत सांगू लागले.

“साहेब, मागच्या दाराचं कुलूप चार दिवसांपासून मोडलंय. रात्री कोणीही आत येतं. या मुलाची सायकल जिन्याखाली असते, म्हणून काल सांगायला आलो होतो. दोनदा घंटी वाजवली. दार उघडलं नाही.”

बाबांनी माझ्याकडे पाहिले. मी तेव्हा दाराच्या आतच उभा होतो, हे बाबांना अजून ठाऊक नव्हते. मी तेही सांगितले.

आजोबा मागून हळूहळू चालत आले होते. ते दाराशी थांबले. त्यांनी काकांना नमस्कार केला आणि त्यांचे नाव विचारले. काकांनी नाव सांगितले. मग आजोबांनी भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवले. तो त्यांचा मुलगा होता. तिसरीत शिकत होता. चार वर्षांत काकांनी त्याला पाहिले नव्हते. आई वरून डाळभाताचा डबा घेऊन आली, तेव्हा आजोबा त्या खाटेवर बसून फोटो हातात घेऊन पाहत होते.

शनिवारी सकाळी बाबा आणि हारिस बाजारात जाऊन नवे कुलूप घेऊन आले. कडीही गंजली होती. ती काढताना काकांनी पक्कड धरली आणि मी खिळे मोजून एका डबीत ठेवले. मागच्या दारावरचा दिवाही गेलेला होता. आजोबा म्हणाले, आधी तो लावा. शिडी एकच होती. काका वर चढले आणि आजोबा शिडी धरून उभे राहिले.

सायकल अजून सापडलेली नाही. संध्याकाळी मी पायीच बकाल्यात गेलो. वाटेत काका जिना पुसत होते. मी त्यांना नावाने हाक मारली. त्यांनी पाठीमागे वळून पाहिले, बादली बाजूला घेतली आणि मला जायला वाट करून दिली.